मावशीच्या नावे पाच हजार

संस्थेचा हिशेब काचेवर लिहिलेला असायचा. वहीत असायचाच, पण रस्त्याकडच्या मोठ्या खिडकीवरही, बाहेरच्या बाजूने, पांढऱ्या रंगाने. डावीकडे जमा, उजवीकडे नावे; आलेलं एकीकडे, गेलेलं दुसरीकडे. आजाऱ्यांना चाकाच्या खुर्च्या, खाटा, कुबड्या फुकट वापरायला देणारी ही लहानशी संस्था; लोकांचा पैसा आहे तर लोकांना येता-जाता दिसला पाहिजे, एवढाच तिचा हट्ट. दुपारी तीनच्या सुमाराला ऊन काचेतून आत यायचं आणि सगळे आकडे सावल्या होऊन फरशीवर उतरायचे. खिडकीकडे पाठ करून बसलं की ते सरळ वाचता यायचे. ऊन जसं सरके तशा रकमा खुर्च्यांच्या चाकांवरून, कुबड्यांच्या रबरी पायांवरून हळूहळू पुढे जात. त्या वेळी कोणी मोठ्याने बोलत नसे.

काच लिहिणाऱ्या हिशेबनीस बाईंना सगळे टिकबाई म्हणत. भाजीच्या यादीवरसुद्धा बरोबरची खूण केल्याशिवाय त्या पिशवी उचलत नसत. बावीस वर्षांत एक चूक नाही, असं त्या स्वतः कधी म्हणाल्या नाहीत. दुसरं कोणी म्हणालं की मात्र शेवटपर्यंत ऐकून घेत.

गेली तीन वर्षं उजव्या बाजूला, अगदी तळाशी, एक ओळ मुक्कामाला होती. ‘मावशीच्या नावे, येणे बाकी, ५०००.’ मावशी म्हणजे कोपऱ्यावरच्या शिंप्याची आई. गाद्यांचे अभ्रे, खुर्च्यांचे पट्टे ती वर्षानुवर्षं फुकट शिवून द्यायची. ही ओळ काचेवर आली आणि मावशी यायची बंद झाली. पैसे घेतलेत, आता तोंड दाखवायला लाजते, असं टिकबाईंनी ठरवून टाकलं. तगादा मात्र एकदाही लावला नाही. आपल्या या मोठ्या मनाचं त्यांना आतून फार कौतुक होतं, हेही सांगायला हवं.

या वर्षी संस्थेचे अध्यक्ष, दातांचे डॉक्टर, म्हणाले की ती रक्कम बुडीत धरून टाकू, मावशीची सही तेवढी आणा. म्हणून टिकबाई कागद घेऊन शिंप्याच्या दुकानात गेल्या.

दुकानात इस्त्रीची वाफ भरली होती आणि उन्हाच्या पट्ट्यात धाग्यांचे तंतू तरंगत होते. शिंप्याने कागद वाचला आणि मशीनचं चाक हाताने थांबवलं.

“बाई,” तो म्हणाला, “ते पैसे आईने दिले होते.”

मग त्याने सगळं सांगितलं. शिवणातून साठवलेले पाच हजार मावशीला संस्थेच्या नव्या खुर्चीसाठी द्यायचे होते. त्या दिवशी टिकबाई रजेवर होत्या. त्याने पैसे रोकडीच्या पेटीच्या फटीतून आत सरकवले आणि टेबलावर चिठ्ठी ठेवली. तिथे आईला सगळे मावशीच म्हणतात, म्हणून त्यानेही तसंच लिहिलं: ‘मावशीच्या नावे पाच हजार टाका.’

ती चिठ्ठी टिकबाईंनी स्वतः फायलीला लावली होती, वर हिरवी टिक करून. बिनसहीच्या चिठ्ठ्या लिहायची खोड डॉक्टरांची. त्यांनी मावशीला मदत दिली असणार असं धरून त्या मोकळ्या झाल्या. हिशेबाच्या भाषेत नावे टाकणं म्हणजे दिले म्हणून लिहिणं, आणि मग ते तिच्याकडून येणे. शिंपी बिचारा माणसांच्या भाषेत लिहून गेला होता. डॉक्टरांना वाटलं टिकबाईंनी दिले, टिकबाईंना वाटलं डॉक्टरांनी, आणि दोघंही एकमेकांचं मन राखत गप्प बसले. महिनाअखेरीला पेटीत पडलेले पाच आणि लिहूनही न दिलेले पाच मिळून रोख दहा हजारांनी जास्त भरली, तेव्हा ती टिकबाईंनी गुप्तदान म्हणून जमा केली. त्या अनोळखी दात्यासाठी सभेत टाळ्या वाजल्या होत्या. टिकबाईंनीही वाजवल्या होत्या.

आतल्या खोलीत मावशी खाटेवर बसून शिवण उसवत होती. तुम्ही भांडायला का नाही आलात, एवढंच टिकबाईंना विचारता आलं. मावशीने सांगितलं की ठेवणीतले कपडे घालून ती काच बघायला गेली होती. नाव सापडलं, पण भलत्या बाजूला. मुलाला तिने यातलं काही कळू दिलं नव्हतं.

“तुम्ही कधी चुकत नाही ना, बाई. म्हटलं, माझंच काहीतरी द्यायचं राहिलं असेल. तिथले दोरे आणायची मी, सुया आणायची.” तिने उशीमागून बिस्किटांचा डबा काढला. “साडेचार हजार झालेत. पाचशे राहिले. पुरे झाले की येणारच होते.”

टिकबाई खाटेच्या कडेला बसल्या आणि तोंडाला पदर लावायचंही भान न राहता रडल्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचं म्हणणं पडलं की वहीत एक ‘किरकोळ दुरुस्ती’ दाखवू आणि विषय संपवू. काचेवर गाजावाजा केला तर देणगीदार बिथरतील.

“तिचं नाव तीन वर्षं काचेवर होतं, डॉक्टर,” टिकबाई म्हणाल्या. “माझं एक वर्ष राहू दे.”

डॉक्टरांनी चष्मा पुसला, परत पुसला. मग बाहेर येऊन त्यांनीच टिकबाईंचं स्टूल धरलं. जुनी ओळ ओल्या फडक्याने निघेना, नखाने खरवडावी लागली. मग डावीकडे, सगळ्यात वर, टिकबाईंनी मोठ्या अक्षरात लिहिलं: ‘मावशीकडून नव्या खुर्चीसाठी जमा, ५०००. तीन वर्षं उलट लिहिलं गेलं. गुप्तदान दहा हजार कोणी दिलंच नव्हतं. चूक हिशेबनिसाची.’ रस्त्यावर माणसं थांबली, वाचून पुढे गेली. एकजण परत येऊन दोनदा वाचून गेला. टिकबाईंचे कान तापले, पण त्यांनी एकेक अक्षर पुन्हा ठळक केलं.

तिसऱ्या दिवशी तीन वाजता मावशी आली, ठेवणीतल्याच कपड्यांत. चाकाच्या खुर्चीत खिडकीकडे पाठ करून बसली. ऊन आत आलं. तिचं नाव फरशीवर उतरलं, सरकत सरकत तिच्या पायांशी आलं, तेव्हा तिने पाय आखडून घेतले. ते पुढे जाईपर्यंत ती तशीच बसून राहिली.

मग तिने डबा टेबलावर ठेवला. टिकबाई नको नको म्हणू लागल्या, हे तुमचे आहेत म्हणाल्या.

“साठवले संस्थेसाठीच ना,” मावशी म्हणाली. “घ्या. पण या वेळी पावती द्या.”

टिकबाईंनी नोटा मोजल्या, पावतीपुस्तक उघडलं. “मावशी, तुमच्या नावे...” म्हणता म्हणता त्या अडखळल्या.

“नावाने,” मावशी म्हणाली.

टिकबाईंनी तसं लिहिलं आणि पावती तिच्यापुढे फिरवली. मावशीने ती शब्द न् शब्द वाचली, दोनदा. मग टिकबाईंच्या हातातलं पेन घेऊन खाली स्वतःच्या हाताने बरोबरची खूण केली.