गुरुवारचा घास

"दाब अजून, दाब. हिच्या अंगातलं सगळं पाप बाहेर आलं पाहिजे," यांगजाताई पुटपुटल्या आणि त्यांनी नळ आणखी थोडा सोडला.

मीसुकने चाळणीतली पालकाची भाजी मुठीत धरून पिळली. शिजवलेली, तिळाचं तेल आणि सोया सॉस घालून कालवलेली, नुसती डब्यात भरायची उरलेली भाजी. चर्चच्या मागच्या नळावर ती पुन्हा धुतली जात होती. पाणी तपकिरी होऊन मोरीत जात होतं.

"बाप्तिस्मा झाला होता की हिचा एकदा," बोरा म्हणाली. तिघींत ती लहान, चाळिशीची. "आपल्यात दुसऱ्यांदा देत नाहीत."

"तोंड आवर आणि तेल घेऊन ये. धुतल्याचं कळता कामा नये." यांगजाताईंनी कमरेवर हात ठेवून पाठ मागे वाकवली. "सून शेजारणींना सांगते, आमच्या आई चर्चमध्ये सेवा करतात. म्हणावं ये एकदा बघायला. भाजी धुते मी इथे. चोरासारखी."

वरच्या मजल्यावर, प्रार्थनेच्या खोलीत, क्वोनसानिम गुडघ्यांवर बसल्या होत्या. क्वोनसानिम हा मंडळीतल्या ज्येष्ठ बाईला द्यायचा मान. त्यांना मिळून इतकी वर्षं झाली होती की नाम बोंगसुन हे त्यांचं नाव आता फक्त दवाखान्याच्या कार्डावर उरलं होतं. दर गुरुवारी स्वयंपाक झाला की त्या हात धुऊन वर जात आणि ज्याच्या ज्याच्या घरी डबा जायचा त्याचं नाव घेऊन प्रार्थना करत. एकटे राहणारे म्हातारे, म्हाताऱ्या, एक पाय गेलेला खलाशी. नावं बरीच होती आणि क्वोनसानिम कुणालाही घाईत उरकत नसत. तेवढ्या वेळात खाली भाजी धुऊन, पिळून, पुन्हा तेल लावून डब्यात जाई.

कोरियातल्या मोकपो बंदराच्या टेकडीवरचं ते चर्च लहान होतं, पण त्याच्या स्वयंपाकघराला नाव होतं, आणि ते क्वोनसानिमच्या हाताचं होतं. त्या सभेत कधी उठून बोलल्या नाहीत. नव्या पास्टरांनी एकदा त्यांना साक्ष द्यायला बोलावलं, तर त्या जागेवरूनच म्हणाल्या, "माझी साक्ष पातेल्यात आहे, जेवायला थांबा." सगळे हसले. सगळे जेवायलाही थांबले.

मग या वसंतात पातेल्यातलं मीठ वाढलं. आधी थोडं. मग इतकं, की पास्टरांनी सूप घेताना भाताचा दुसरा वाडगा मागितला. बुधवारच्या सभेत यांगजाताईंनी "आपल्या क्वोनसानिमच्या प्रकृतीसाठी" असा विषय मांडला, सगळ्यांनी डोळे मिटून मनापासून प्रार्थना केली. मीठ कमी व्हावं असं देवाला सांगून झालं. क्वोनसानिमना मात्र कुणीच सांगितलं नाही.

भाजी धुता येत होती. सूप कसं धुणार?

---

गुरुवार हा मीसुकचा सुट्टीचा दिवस, म्हणजे दुसरीकडे राबायचा. बाकीचे दिवस ती बंदरावरच्या शेडमध्ये मासे साफ करायची. बोटं थंडीने कायमची लाल झालेली, त्यामुळे डब्यांची गरम पिशवी धरायला तिला तेवढं बरं वाटे. टेकडीच्या पायऱ्या चढताना ती मनातल्या मनात प्रभूशी बोले, पण आजकाल त्या बोलण्यात स्तुतीपेक्षा तक्रारच जास्त असे. पायऱ्या त्यानेच केल्यात, त्यालाच ऐकू दे.

शेवटचा डबा गिल आजोबांचा. जन्मभर बोटीच्या इंजिनात काढलेला माणूस, मोठ्याने बोलायची सवय तिथलीच.

"आलं का जगाचं मीठ," ते दारातूनच ओरडले. "बाई, तुमच्या पुस्तकात लिहिलंय म्हणतात, तुम्ही जगाचं मीठ आहात. मग जगाला वाटा की. सगळं माझ्याच डब्यात?"

"आज कमी आहे, आजोबा."

"गेल्या खेपेलाही कमीच होतं. उरलेलं मांजरीला घातलं मी. ती आता दुसऱ्या चर्चला जाते."

मीसुक हसली, डबा ठेवायला आत वाकली, तेव्हा तिला त्यांचे पाय दिसले. मोजे अर्धे कापून घातले होते, आणि कापलेल्या कडेच्या वर घोटा असा उरलाच नव्हता. पोटरी थेट पावलात उतरली होती. तिने विचारायच्या आधीच त्यांनी पोटरीवर बोट दाबून दाखवलं. खड्डा पडला. तो भरून यायची वाट दोघं बघत राहिली.

"डॉक्टर म्हणतो, खारट बंद करा. त्याला काय जातंय म्हणायला."

"मग खाता कशाला? उरलेलं टाकून देता ना?"

"उरतच नाही काही." आजोबांचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "मांजरीचं उगाच सांगितलं. आठवड्यात गरम सूप एकदाच मिळतं, बाई. कुणीतरी उभं राहून केलेलं. मी सगळं पितो. वर पाणी पितो. मग पाय असे होतात."

"मी क्वोनसानिमना सांगते."

"अजिबात नाही." ते चांगलेच चिडले. "त्या म्हातारीला सांगशील तर डबा घेणार नाही मी. नवरा नाही, पोरगा परदेशात. पातेलं काढून घेतलंस तर उरतं काय तिच्याकडे? मी कप्तानाच्या तोंडावर शिव्या घातल्यात, पण हे मला नाही जमणार. तू पण नको सांगू."

मीसुक टेकडी उतरायला लागली. भिंतीशी एक जागा होती, जिथे चढणारे दम खायला बसत. ती उतरतानाच तिथे बसली. तिच्या धाकट्याला न्यूमोनिया झाला होता, तेव्हाची गोष्ट तिला आठवली. नवरा बोटीवर, ती दवाखान्यात, चर्चशी फक्त तोंडओळख. आणि दारात ही बाई, हातात किटली, किटलीत सूप. प्रार्थना करू का, देवाचं काही ऐकणार का, काही विचारलं नाही. "आधी पी," एवढंच म्हणाल्या. पोरगा घरी येईपर्यंत रोज येत राहिल्या. त्या सुपाची चव मीसुकला अजून सांगता आली असती. त्यात सगळं जेवढ्यास तेवढं होतं.

---

रविवारी उपासना झाल्यावर ती क्वोनसानिमच्या घरी गेली. पिशवीत पर्सिमनची तांबूस फळं होती, आणि मनात वाक्य तयार होतं. वाक्य चांगलं होतं. 'आता तुम्ही बसून आम्हाला शिकवा.' वाटेत तिने ते घोळवलं होतं, त्यातला काटा काढून टाकला होता. पोचेपर्यंत त्यात काहीच उरलं नव्हतं.

"ये, ये, वर येऊन बस. जमीन खालून तापवलीय, ऊब लागेल," क्वोनसानिम म्हणाल्या. "फळं कशाला आणलीस? तुझ्याकडे काय पैसे वर आलेत?"

"शेजारच्या झाडाची आहेत."

"मग चोरून आणलीस म्हण."

त्या हसल्या. हसताना डोळे अगदी मिटून जात. त्यांनी फ्रिजमधून बाटली काढली, दोन वाडग्यांत शिख्ये ओतलं. तांदळाचं ते गार, गोड पेय, वर शितं तरंगणारं. सणाला त्या चर्चभर वाटत.

मीसुकने घोट घेतला आणि तो तोंडातच राहिला. आंबलं होतं. जिभेला चरचरत होतं, वर फेसाचा एक वास. तिने डोळ्यांवर ताबा ठेवून गिळलं.

समोर क्वोनसानिमनी आपला वाडगा सावकाश, शेवटच्या शितापर्यंत संपवला. ओठ पुसले. चेहऱ्यावर काही हललं नाही.

"गोड झालंय ना?"

"हो. छान झालंय." मीसुकच्या तोंडून ते आपोआप गेलं, पायरी उतरताना पाय पडावा तसं.

क्वोनसानिम तिच्याकडे बघत राहिल्या. डोळे हसत नव्हते. त्या तिच्या तोंडाच्या कोपऱ्यांकडे बघत होत्या, कपाळाकडे, गळ्याकडे. खिडकीशी रांगेत उभं राहिल्यावर माणूस आतल्या कारकुनाकडे बघतो, तसं. मग त्यांनी हळूच मान हलवली.

"मग नवऱ्यालाही ने थोडं," त्या म्हणाल्या आणि बाटलीचं बूच लावायला लागल्या. बूच दोनदा सुटलं.

मीसुक बाटली घेऊन निघाली. वाटेवरच्या गटारात तिने ती ओतून दिली आणि रिकामी बाटली पिशवीत ठेवली. खूप वेळ तिला तो आंबट वास बोटांना येत राहिला, मासळीच्या वासावरून सुद्धा. रात्री तिने प्रार्थनेला डोळे मिटले, तर समोर प्रभू आलाच नाही. आला तो तिच्या तोंडाकडे बघणारा म्हातारा चेहरा.

---

पुढच्या गुरुवारी मुळा शिजत होता, सोयाबीनच्या मोडांचं सूप उकळत होतं, आणि यांगजाताईंनी चाळणी आधीच मागच्या दाराशी नेऊन ठेवली होती, फडक्याखाली झाकून.

"पास्टर काल म्हणाले, पुढच्या वर्षी डबे बाहेरून मागवू," बोरा कानाशी कुजबुजली. "म्हणजे कुणालाच काही सांगायला नको."

"देवमाणूस आहे," यांगजाताई म्हणाल्या. "पळवाट त्यांना बरोबर सापडते."

क्वोनसानिम मोठ्या परातीपाशी उभ्या होत्या. हातमोजा घालून त्या पालक कालवत होत्या. सोया सॉसची बाटली त्यांनी उचलली, तिरपी केली, थोडी थांबवली, पुन्हा तिरपी केली. मग चिमूट मीठ. मग थोडं थांबून आणखी एक. बाकी तिघी आपापल्या पातेल्यांकडे बघायला लागल्या.

कालवून झाल्यावर त्यांनी नेहमीसारखा बोटांनी घास उचलला. लेकराला भरवावा तसा त्या प्रत्येकीला तो भरवत. बोराने तोंड उघडलं.

"कसं आहे?"

"एकदम बरोबर, क्वोनसानिम."

यांगजाताईंनी तर घास गिळायच्या आधीच उत्तर दिलं. "तुमच्या हाताचं ते तुमच्या हाताचं."

घास मीसुकपाशी आला. तिने तोंड उघडलं. मीठ जिभेवरून थेट कानामागे गेलं. तिने चावलं, सावकाश, आणि तेवढ्यात तिच्या एक गोष्ट लक्षात आली जी इतके महिने समोर होती आणि कुणी पाहिली नव्हती. क्वोनसानिमनी स्वतः घास घेतला नव्हता. मोजाही चाटला नव्हता. भरवून झाल्यावर त्या फक्त बघत होत्या. तोंडाचे कोपरे, कपाळ, गळा.

मीसुकने घास गिळला. तिला गिल आजोबांच्या पोटरीतला तो खड्डा दिसला, आणि किटली दिसली, आणि तिला आयुष्यात इतका थकवा कधी आला नव्हता. चेहरा नीट ठेवायचा थकवा. तिने तो सोडून दिला.

"खारट आहे," ती म्हणाली.

यांगजाताईंच्या हातातून झाकण निसटलं आणि ओट्यावर गोल फिरत राहिलं. कुणी ते धरलं नाही.

"किती?" क्वोनसानिमनी विचारलं.

"खूप. खाता येत नाही इतकं. सूप पण." थांबली असती तर तिला पुढे बोलता आलं नसतं. "रविवारचं शिख्ये आंबलं होतं. मी छान म्हणाले. आणि गिल आजोबांचे पाय सुजलेत."

"मीसुक," यांगजाताई म्हणाल्या, "पुरे कर."

क्वोनसानिमनी हातमोजा काढायला घेतला. एकेक बोट सोडवत, सावकाश. मोजा निघाल्यावर त्यांनी तो परातीच्या कडेला ठेवला आणि उघड्या बोटाने भाजीतलं एक पान उचलून जिभेवर ठेवलं. सगळ्यांसमोर, खूप वेळ चावलं.

"मला कशाचीच चव कळत नाही गं," त्या म्हणाल्या. "वसंतात मला ताप आला होता, तेव्हापासून. म्हणून तर दर गुरुवारी तुम्हाला विचारत होते."