ट्रीनाची हजेरी

मोजणीच्या दिवशी ओडेसा शाळेच्या स्वयंपाकघरात इतरांच्या आधी हजर असे. मिशिगनमध्ये ऑक्टोबरातल्या त्या एका दिवशी जितकी मुलं वर्गात, तितक्यांचे पैसे राज्य शाळेला देतं. म्हणून त्या दिवशी मुलांना पिझ्झा, आणि जी येत नाहीत त्यांना आणायला मुख्याध्यापक टिब्स स्वतः गाडी घेऊन दारोदार.

"मिस ओडेसा, चीज सढळ हातानं घाला. वासानं पोरं आली पाहिजेत!"

"पोरं येतील हो सर. रसायनशास्त्राला मास्तर कधी येणार?"

टिब्स गाडीची किल्ली घेऊन निघाले. ओडेसाच्या लेकीला, डेलियाला, रसायनशास्त्र खेळाचे शिक्षक शिकवत होते.

शेजारच्या मार्वाची ट्रीना मात्र मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत जाई. तिकडची घरं महागडी, त्यांच्यावरचा कर भरपूर, आणि त्याच करातून बांधलेली शाळा चकचकीत. तिथे हद्दीत राहणाऱ्यांचीच मुलं घेत, म्हणून मार्वाने मुलीच्या नावापुढे पलीकडे राहणाऱ्या आपल्या आईचा पत्ता लावला होता. निदान हे गुपित तरी तिने जपावं! पण दर रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर तिचं टेंभा मिरवणं सुरूच.

"आमच्या ट्रीनाला स्वतःचा सूक्ष्मदर्शक मिळाला, बाई! कुणाबरोबर वाटून घ्यायला नको."

"छान झालं हं," ओडेसा म्हणे, आणि आतून जळून खाक होई. लहानपणी ट्रीनाची गणितं सोडवून द्यायची कोण, तर तिची डेलिया. आणि आता ही पोर डॉक्टर होणार, डेलियाने काय कायम पिझ्झा थापायचे? हेवा माणसाला आंधळं करतो, आणि तो रस्त्यापलीकडच्या श्रीमंतांचा वाटत नाही, शेजारणीचाच वाटतो. मोजणीच्या आधीच्या आठवड्यात ओडेसाने पलीकडच्या शाळेला फोन केला. बाहेरचं मूल शिरलेलं दिसलं तर कळवा, म्हणून नंबरच त्या शाळेने फलकावर लावला होता. स्वतःचं नाव तिने सांगितलं नाही. ट्रीनाचं सांगितलं.

मोजणीचा दिवस गेला, तरी ट्रीना ऐटीत पलीकडे जातच होती. ओडेसाचा नुसता तिळपापड झाला.

पुढच्या आठवड्यात ओडेसाच्या शाळेत जेवणाच्या रांगेत ट्रीना उभी दिसली. डोळे सुजलेले. क्षणभर ओडेसाला गोड वाटलं, अगदी खरं सांगायचं तर.

"काढलं मला, मिस ओडेसा."

"कधी कळलं गं त्यांना?"

"मोजणीच्या आधीच शाळेचा माणूस आला होता आजीकडे, पत्ता तपासायला. शाळेतल्या बाई म्हणाल्या, मोजणीला मात्र नक्की ये हं, मग बघू. मी ताप असूनही गेले."

ओडेसाच्या हातातला डाव तसाच राहिला. ती तडक टिब्सकडे गेली.

"तिचे पैसे आता इकडे येतील ना, सर?"

"कसले येतायत! मोजलं तिकडे, पैसे तिकडे. पोर आपल्याकडे. तिला द्यायला पुस्तक नाही माझ्याकडे."

त्या संध्याकाळी ओडेसाने मार्वाचं दार ठोठावलं.

"फोन मी केला होता."

"एवढी खुपत होती तुला माझी पोरगी?"

"हो. खुपत होती."

"माझ्या पोरीच्या ताटात माती कालवलीस गं! आणि मिळालं काय तुला?"

"काही नाही. सगळं पलीकडच्या शाळेलाच मिळालं. त्यांच्या शाळेची सभा आहे. तिथे जाऊन सगळ्यांसमोर सांगणार आहे. तू येऊ नकोस हवं तर."

मार्वाने दार लावून घेतलं. पण सभेला ती आली, ट्रीनाला घेऊन, सगळ्यात मागे बसली.

सभागृह भरलेलं होतं. ज्यांची मुलं त्या शाळेत शिकतात असे चांगल्या घरचे, चांगल्या मनाचे आईबाप. अध्यक्षबाई गोड हसल्या.

"बोलण्याआधी नाव आणि पत्ता सांगा. पत्ता आमच्या हद्दीतला असेल तरच बोलता येतं."

"ओडेसा पेटीग्रू. पत्ता रस्त्यापलीकडचा," ओडेसाने माईक घट्ट धरला. "पण मी जिच्याबद्दल बोलायला आलेय ना, त्या पोरीचे पैसे अजून तुमच्याकडेच राहतात. त्यांना काढा आधी बाहेर. मग मी जाते."