कारण अपुरे

तिने शेऱ्याच्या चौकटीत ‘कारण अपुरे’ असं लिहिलं, ‘परत पाठवा’ हे बटण दाबलं आणि मान वर करून काचेपलीकडे पाहिलं. केबिनमध्ये साहेबाचा संगणक टुणकन वाजला असावा, कारण त्याने चष्मा वर सरकवला, पडद्याजवळ तोंड नेलं आणि मग हळूहळू खुर्चीत मागे टेकला. सकाळपासूनची ही तिसरी खेप होती. तिने बाटलीतलं पाणी घोटभर प्यायलं. साधं पाणी इतकं गोड बऱ्याच वर्षांत लागलं नव्हतं.

ही सिस्टीम आणली साहेबानेच. बाटल्यांच्या या कारखान्यात पूर्वी भट्टीच्या दर पाळीला एक मुकादम असे. रजा हवी असली की कामगार मुकादमाला सांगे, मुकादम कागद घेऊन साहेबाच्या दारात उभा राही आणि साहेबाची मर्जी झाली की आत जाई. गेल्या वर्षी मुकादम नावाचा थरच गेला. भट्टीचं तापमान पडद्यावर, मालाची मोजणी पडद्यावर, हजेरी बोटाच्या ठशावर, रजा मोबाईलवर. “आता कोणी कोणाच्या दारात उभं राहायला नको,” असं साहेब सभेत म्हणाला आणि टाळ्याही त्यानेच सुरू केल्या. नियम सगळ्यांना सारखा, अगदी मलासुद्धा, असंही म्हणाला. मागच्याच महिन्यात दोन फिटर मंजुरी न घेता घरी राहिले, तर दोघांना त्याने नारळ दिला.

जुनी रजिस्टरं सिस्टीममध्ये भरायचं काम हजेरी विभागात तिच्याकडे आलं होतं. प्रत्येक माणसापुढे एक चौकट होती, ‘रजा मंजूर करणारा’. सहाशे माणसांच्या चौकटी भरल्या आणि साहेबाची तेवढी राहिली. त्याच्या वर फक्त मालक, आणि मालक फोनवर म्हणाले, “माझं नाव नको हो बाई, दिवसभर ती टुणटुण कोण ऐकणार?” रिकामी चौकट सिस्टीम घेईना. तेव्हा तिला रजिस्टरातला एक क्रमांक आठवला. त्या माणसाने राजीनामा दिला नव्हता, त्याला कोणी काढलंही नव्हतं. एका दिवसापासून तो यायचाच बंद झाला होता. त्याच्या नावापुढे नोकरी संपल्याची तारीख नव्हती, म्हणजे सिस्टीमच्या लेखी तो अजून कामावर होता. तिने साहेबाच्या चौकटीत तो क्रमांक टाकला. तो तिच्या वडिलांचा होता.

अकरा वर्षांपूर्वी तिची आई दवाखान्यात होती. आप्पा पहिल्या पाळीचे मुकादम. स्वतःच्या रजेचा अर्ज घेऊन ते साहेबाच्या दारात दोन तास उभे राहिले. अर्ज परत आला तेव्हा त्यावर लाल शाईत लिहिलं होतं, ‘भट्टी थांबत नाही.’ आप्पांनी पाळी पूर्ण केली. पाळी संपायला पाऊण तास असताना आई गेली. पुढे चार वर्षांनी ती इथे लागली, ती नवऱ्याच्या आडनावाने, आणि ही कोणाची कोण असं साहेबाने कधी विचारलं नाही. पोटापाण्यासाठी नोकरी धरली असं ती सगळ्यांना सांगे. ते खोटं होतं. तिला त्या माणसाचं वाटोळं जवळून बघायचं होतं.

आज ती संधी आयती चालून आली होती. सकाळी पहिला अर्ज आला, कारण ‘वैयक्तिक’. तिने वडिलांच्या क्रमांकाने आत शिरून तो परत पाठवला. दुसऱ्यात कारण ‘घरगुती अडचण’. तोही परत. तिसऱ्यात लिहिलं होतं, ‘पत्नीचे ऑपरेशन, गुरुवार.’ तेव्हा तिचा हात क्षणभर अडखळला. पण आईच्या खाटेशी त्या दिवशी ती एकटी बसली होती, आणि आई सारखी दाराकडे बघत होती. तिने बटण दाबलं.

दुपारी साहेब स्वतः उठून तिच्या टेबलापाशी आला. असा तो कधी येत नसे.

“ते रजा मंजूर करणारे म्हणून जे नाव येतंय, ते बरोबर आहे का?”

“रजिस्टरप्रमाणे भरलंय, साहेब.”

“अहो, तो माणूस केव्हाच सोडून गेला.”

“तशी नोंद नाही, साहेब. नोंद नसली की सिस्टीम मानत नाही.”

“मग बदला नाव.”

“बदलायला मंजुरी लागते.”

“कोणाची?”

“त्यांचीच.”

हे मात्र तिने जागच्या जागी रचलं होतं. साहेबाने टेबलावरची टाचणी उचलली, पाहिली आणि परत ठेवली.

“मालकांना विचारू का?” तिने साळसूदपणे विचारलं. “हे मुकादम कोण, का गेले, तेवढं त्यांना सांगावं लागेल.”

“नको,” साहेब घाईने म्हणाला. “मालकांपर्यंत नको.”

चार वाजता चौथा अर्ज आला. कारणाची चौकट या वेळी गच्च भरली होती.

‘मुकादम, हे यंत्रच परत पाठवतंय हे मला कळतं. तुम्ही काही हे वाचत नाही. तरी तुमच्या नावाने अर्ज करताना हात चालत नाही. त्या दिवशी तुमचा अर्ज मी वाचलाच नव्हता. सकाळपासूनचा पाचवा होता, न वाचता शेरा मारला. नंतर कळलं. तुमच्या घरी यायला निघालो होतो, गल्लीच्या तोंडाशी आलो आणि परत फिरलो. मला गुरुवारी बायकोजवळ बसायचं आहे. तीन दिवस द्यावेत.’

तिने ते दोनदा वाचलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. न वाचता! अकरा वर्षं ती या माणसाला दगडाच्या काळजाचा समजून शिव्या घालत होती, आणि त्याने साधा कागदसुद्धा वाचला नव्हता. बोट ‘नामंजूर’वर गेलं. मग तिने ते मागे घेतलं. हा नकार तिचा नव्हता, तो आप्पांच्या हातून जायला हवा होता. ती अर्धा तास लवकर निघाली.

आप्पा गॅलरीत मटार सोलत बसले होते. तिने शेजारी बसून सगळं सांगितलं, क्रमांकापासून.

“म्हणजे मी अजून कामावर आहे?” आप्पा हसले. “मग खाडे किती झाले गं माझे?”

“आप्पा, थट्टा नको. हे वाचा.”

त्यांनी मोबाईल लांब धरून वाचलं. मग चष्मा आणायला सांगून पुन्हा वाचलं. मांडीवरच्या ताटातले दाणे एका बाजूला सारले.

“इथे ‘नामंजूर’ आहे,” ती म्हणाली. “तुमच्या बोटाने दाबा.”

“किती दिवस मागितलेत त्याने?”

“तीन.”

“ऑपरेशनला तीनात काय होतंय? दहा कर.”

“आप्पा!” तिचा आवाज चढला. “आई दाराकडे बघत होती. तुम्हाला नाही माहीत, मी होते तिथे!”

“आणि त्याच्या दारात मी होतो,” आप्पा म्हणाले. “दोन तास. तू नव्हतीस तिथे. नाकारलं तर मला चार शिव्या घालेल आणि मोकळा होईल. मोकळा नाही सोडायचा मला त्याला.”

तिने मोबाईल पुन्हा हातात घेतला.

“शेऱ्याला जागा आहे ना? मी सांगतो ते लिही.”

तिने लिहिलं. वाचून दाखवलं. आप्पांनी मान हलवली, बोट पँटला पुसलं आणि ‘मंजूर’ दाबलं. मग ताट पुढे ओढून पुन्हा मटार सोलायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला साहेब केबिनमध्ये येऊन बसला. तिने नुकताच पंखा लावला होता. काचेपलीकडे संगणक वाजला, साहेबाने चष्मा वर सरकवला आणि पडद्याजवळ तोंड नेलं. पडद्यावर काय होतं हे तिला पाठ होतं. ‘दहा दिवस मंजूर. तुमचा अर्ज पूर्ण वाचला. निर्धास्त जा, भट्टी मी बघतो. मुकादम, पहिली पाळी.’

साहेब उभा राहिला. केबिनमध्ये दुसरं कोणी नव्हतं, तरी तो हात पुढे जुळवून, मान खाली घालून टेबलाच्या अलीकडे येऊन उभा राहिला. फोन वाजून थांबला, त्याने उचलला नाही. कोणीतरी कागद घेऊन आत डोकावलं आणि तसंच परत गेलं.

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. नऊ वाजून सहा मिनिटं झाली होती. तिने खुर्ची काचेकडे वळवली आणि अकरा वाजायची वाट बघत बसली.