एका नाण्याची कपात

विधिमंडळाच्या सभागृहात तोंड उघडायचा हक्क नसलेली माणसं दोनच प्रकारची. वरच्या गॅलरीतले पाहुणे आणि मधल्या टेबलाशी बसणारे लघुलेखक. पाहुणे निदान खोकतात तरी. लघुलेखकांना खोकायचं असलं तरी बाहेर जावं लागतं. ती त्या टेबलाशी अकरा वर्षं बसत होती आणि अकरा वर्षांत तिथे तिच्या तोंडून ब्र निघाला नव्हता. दहा मिनिटं लिहायचं, पुढचा आला की उठायचं, आत जाऊन टाइप करायचं, पुन्हा यायचं. सगळ्या राज्याचं भांडण तिच्या बोटांतून जायचं, आणि छापील अहवालात तिचा मागमूस नसायचा.

अंदाजपत्रकाचे दिवस तर विचारूच नका. एकामागून एक खातं आपली मागणी घेऊन उभं राहतं, आकडे वाचले जातात, आणि दुपारी तीननंतर घुमटाच्या काचेतून पिवळं ऊन खाली उतरलं की निम्मं सभागृह डोळे मिटून राज्याची काळजी वाहू लागतं. तिलाही अशा वेळी गुंगी येई. हात लिहीत राही, मन भलतीकडेच. वाटे, हे शब्द कुणी बोलतच नाहीये, ते उन्हातल्या धुळीबरोबर वरून सावकाश उतरताहेत आणि आपण फक्त वेचतोय.

त्या दुपारीही तसंच ऊन होतं, पण गुंगी कसली येते! मागण्यांच्या पुस्तकात तीनशे बाराव्या पानावर कर्णबधिर मुलांच्या शाळेपुढे गेल्या वर्षीचा आकडा होता आणि यंदा नुसती आडवी रेघ. तिची सात वर्षांची लेक त्याच शाळेत. तिथे जाण्याआधी पोर घरभर भांडी आपटत फिरायची, कारण तिला काय हवंय ते कुणाला कळायचंच नाही, जन्मदात्या आईलाही नाही. शाळेने तिला हातांनी बोलायला शिकवलं. पोरीने पहिल्यांदा हातांनी ‘आई, दूध नको’ म्हटलं, तेव्हा ही ओट्याशी उभी राहून इतकी रडली की दूध उतू गेलं. आता ती रेघ तशीच मंजूर झाली असती, तर सुट्टीनंतर शाळेचं दार उघडणार नव्हतं.

बरं, सांगणार कुणाला? लघुलेखकाने सदस्याच्या कानाला लागायचं नाही, हा तिथला कडक नियम. लागलं की नोकरीच गेली. शेवटी शाळेच्या मोठ्या बाईंनीच धावपळ करून आबांना गाठलं.

आबा म्हणजे सभागृहातले सर्वांत जुने सदस्य. दोन वर्षांपूर्वी समितीबरोबर शाळा बघायला गेले आणि मुलांच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसून मस्तपैकी पेंगले. हातांच्या भाषेत प्रत्येक माणसाला एक खूण मिळते, तेच त्याचं नाव. मुलांनी आबांचं बारसं तिथल्या तिथे उरकलं. गालाखाली तळहात, मान कलती, आणि मग एकदम टक्क उघडे डोळे. आबा रागावले तर नाहीतच, उलट जाताना प्रत्येक मुलाला तीच खूण करून निरोप देत गेले. लेकीने घरी येऊन आईलाही ती करून दाखवली होती.

तर आबांनी कपात सूचना दिली होती. तिथली रीत अशी, की एखाद्या खात्याला जाब विचारायचा असेल, तर त्याची मागणी एका नाण्याने कमी करा अशी सूचना द्यायची. कोट्यवधींतून एक नाणं. त्याने खात्याचं काही बिघडत नाही, पण मंत्र्याला उठून उत्तर द्यावं लागतं. अट एवढीच, की सभापती तीनदा पुकारतील तोवर सूचना देणाऱ्याने उभं राहायचं. नाही राहिला, तर सूचना बाद आणि मागणी आहे तशी मंजूर.

आता आबांची एक खोड सगळ्यांना ठाऊक होती. भाषण लांबलं की ते कानातलं यंत्र काढून खिशात ठेवत. आधीच्या मंत्र्यांनी कालव्यांवर पाऊण तास खाल्ला होता. आबांच्या शेजारचे चहाला उठून गेले होते. आणि आबा मान वर करून घुमटात बघत होते, कारण तिथे एक कबुतर वाट चुकून आत आलं होतं आणि उन्हाच्या तिरिपेत गोल गोल फिरत होतं.

सभापतींनी पुकारलं, “पूर्व विभागाचे सन्माननीय सदस्य.” तिने ते लिहिलं. आबा कबुतर बघत होते.

सभापतींनी दुसऱ्यांदा पुकारलं. तिने तेही लिहिलं. आबा पाच हातांवर बसलेले. नुसती हाक मारली असती तरी... पण त्यांना ऐकू थोडंच जाणार होतं! सभापतींनी चष्मा काढला, पुसला. कबुतर दमलं असावं. ते तरंगत खाली आलं आणि लघुलेखकांच्या टेबलामागच्या घड्याळावर बसलं, आणि त्याच्याबरोबर आबांची नजरही हळूहळू खाली आली.

तिने पेन्सिल ठेवली. गालाखाली तळहात धरला, मान कलती केली, आणि डोळे टक्क उघडले.

आबांच्या चेहऱ्यावर आधी हसू आलं. त्या तंद्रीत त्यांना बहुधा शाळेचं अंगणच दिसलं असावं. मग हसू मावळलं. त्यांनी सभापतींकडे बघितलं, खिसा चाचपला, आणि तिसरी हाक ओठांवर असतानाच ते धडपडत उभे राहिले.

पुढचं सगळं पाच मिनिटांत आटोपलं. शाळा वर्षभरापूर्वी शिक्षण खात्याकडून समाजकल्याणकडे गेली होती. शिक्षणवाल्यांनी तिच्यापुढे रेघ ओढली, समाजकल्याणवाले आदेशाच्या प्रतीची वाट बघत बसले. दोघांनाही वाटलं, दुसरा बघतोय. कुणाचा दुष्टपणा नाही, काही नाही, आणि त्यात साठ मुलं मुकी होणार होती. मंत्री ओशाळून म्हणाले, उद्याच दुरुस्ती मांडतो. आबांनी रीतीप्रमाणे आपलं नाणं मागे घेतलं. तिने सगळं लिहिलं.

संध्याकाळी मुख्य लघुलेखकांनी तिचा कागद समोर ठेवला. ते टेबलाच्या टोकालाच बसलेले असत, त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे.

“दुसऱ्या हाकेनंतर तुझे हात कागदावर नव्हते,” ते म्हणाले.

“कुणी काही बोललं नाही, साहेब.”

त्यांनी कागद पुन्हा एकदा वाचला. “खरंय. बोललं कुणीच नाही,” म्हणाले, आणि तिथे एक ओळ कोरी सोडायला सांगून त्यांनी सही केली.

दुरुस्ती खरंच आली. महिन्याने छापील अहवालही आला, तो तिने घरी नेला आणि लेकीला सगळं हातांनी सांगितलं. पोर पानावर वाकून बराच वेळ शोधत राहिली. मग तिने विचारलं, यात तू कुठेयस?

आईने कोऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

काय म्हणालीस, पोरीने विचारलं. आईने गालाखाली तळहात धरला, मान कलती केली आणि डोळे टक्क उघडले. पोर मोठ्याने खिदळली. आईलाही मग हसू आवरेना, आणि डोळ्यांतलं पाणी पानावर पडलं, ते तिने पदराने टिपलं.