पुढचं वाक्य

ज्यांनी मुलगा उचलून नेला, त्यांनीच आता त्याची भाषा जतन करायला माणूस धाडला होता. लाज कोळून प्यालेल्या सरकारला आणखी काय म्हणायचं? सुनेने चहाचा कप संशोधकापुढे जवळजवळ आदळलाच.

त्याने तो बाजूला सारून रेकॉर्डर सासूबाईंच्या पुढ्यात ठेवला. माणूस तसा गरीब गाय होता. तो सरकारी भाषेत वाक्य सांगे, म्हातारी ते आपल्या भाषेत म्हणे आणि सून एकेका शब्दाचा अर्थ लावून देई. म्हातारीला सरकारी भाषा कळायची. मुलाला नेलं त्या दिवसापासून ती बोलणं मात्र तिने सोडलं होतं.

बाई पाणी आणते, कुत्रा झोपला, अशी वाक्यं झाली. क्रिया आधी आणि कर्ता वरातीमागून घोडं यावं तसा सगळ्यांच्या शेवटी. संशोधक हरखून गेला होता.

"आता म्हणा, मुलगा घरी आला."

म्हातारीचा अंगठा टेबलाच्या कडेवर फिरत राहिला. मग तिने सुनेला काहीतरी विचारलं.

"आई म्हणतात, कोणी पाहिलं?" सून म्हणाली. "आमच्यात क्रियापदाला शेपूट लागतं. स्वतः पाहिलं की नुसतं ऐकलं, ते सांगितल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही."

"वा, फारच सुंदर." तो भराभर लिहू लागला. "कुठलंही लावा हो. उदाहरणच तर आहे."

सुनेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चौकीचे उंबरे झिजवून झाले, तरी तिथलं पालुपद एकच: असा माणूस आम्ही कधी आणलाच नाही. आणि ह्याला तिच्या नवऱ्याचं घरी येणं उदाहरणाला हवं होतं.

ती काही बोलणार तोच सासूने रेकॉर्डर जवळ ओढला आणि एक वाक्य म्हटलं. सावकाश, बहिऱ्याला सांगावं तसं.

"शब्दशः?" संशोधकाने पेन सरसावलं.

"नेलंत," सून म्हणाली. "कुठे. माझ्या. मुलाला. तुम्ही."

पेन थांबलं. त्याने हळूच विचारलं, "आणि शेपूट?"

"पाहिल्याचं."

त्याचा हात बटणाकडे गेला. सुनेने मध्ये आपला तळवा ठेवला.

"चालूच राहू द्या, दादा. तुमच्या साहेबांना आधी हे ऐकवा. पुढचं वाक्य आता त्यांचं आहे. कधी बोलतायत?"