पट्टीतली प्रतीक्षा

माझं नाव प्रतीक्षा. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा घोळ त्या नावानंच केला.

चिखलीत आमच्या समाजाचं वधू-वर सूचक केंद्र आहे आणि तिथला कॉम्प्युटर मी चालवते. नुसती बटणं दाबत नाही, एक्सेलमधला मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम, मी स्वतः लिहिलाय. पाहुण्यांनी वय, शिक्षण, उंची सांगायची, मी बटण दाबायचं, मॅक्रो जाऊन डेटाबेसला विचारतो आणि जुळणारी स्थळं घेऊन येतो. याला लागायची चार मिनिटं, कारण डेटाबेस ज्या कॉम्प्युटरवर आहे तो कुणीतरी देणगी दिलेला, आणि चालणारी वस्तू देणगीत देतं कोण?

त्या चार मिनिटांत पडदा पांढराफटक पडायचा. "बंद पडलं वाट्टे," म्हणत कुणी माउस आपटायचं, कुणी सरळ उठून जायचं. मोताळ्याच्या एका मामांनी तर मला मदत म्हणून प्लगच उपसला.

केंद्राचे संचालक नारायणराव, म्हणजे मराठीचे निवृत्त शिक्षक, म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत पाहू. नाहीतर जुन्या वह्या काय वाईट होत्या?"

वह्या आल्या की माझी नोकरी गेली. नोकरी गेली की मी घरी, आणि घरी आई टपूनच बसलेली. तिच्या मनात मलकापूरचा एक मुलगा होता. त्यानं पहिल्याच भेटीत मला विचारलं होतं, "लग्न झाल्यावर कॉम्प्युटर सोडशीन ना?" मला ही नोकरी हवी होती. फार हवी होती.

म्हणून मी एक्सेलच्या तळाच्या पट्टीत एक ओळ टाकली, 'स्थळं शोधून राह्यली, थांबा.'

नारायणरावांनी चष्मा कपाळावर चढवला. "राह्यली? थांबा? हे विवाह केंद्र आहे, एसटी स्टँड नव्हे. 'कृपया प्रतीक्षा करा' असं लिही."

"पण सर, माझं नाव..."

"शब्द शुद्ध आहे," सर म्हणाले. विषय संपला. आमच्याकडे 'अमकी पोरगी करा' म्हणजे तिला सून करून घ्या, हे सरांना माहीत नव्हतं असं नाही. शुद्धलेखन दिसलं की त्यांना दुसरं काही दिसत नाही, एवढंच.

रविवारी हिवरा आश्रम या गावाहून पुंजाजी नावाचे एक काका आले. सोबत मुलगा, गोपाल. वय एकतीस, वांगी-टोमॅटोची शेती, बोलणं बेताचं. मी बटण दाबलं. पडदा पांढरा झाला. पुंजाजी पट्टीवर बोट ठेवून वाचू लागले.

"कृ...प...या... प्रतीक्षा करा." ते ताठ बसले. "सर, हे प्रतीक्षा कोन हाये?"

"ही काय, समोर बसलीय," सर वहीतून मान वर न काढता म्हणाले.

पुंजाजींनी मला निरखून पाहिलं. "बरी हाये. कॉम्प्युटर कृपया म्हनून राह्यला, तं इचार कराच लागीन. बाई, तुही उंची किती?"

माझा पारा चढला. "काका, तसं नाई ते! प्रतीक्षा म्हंजे वाट पाहनं."

"हाव, तीन वर्सांपासून तेच करून राह्यलो आमी."

गोपालचे कान लाल झाले. विषय बदलायचा म्हणून त्यानं विचारलं, "पन आता हे कुठवर आलं?"

नेमका याच प्रश्नाचा मला राग होता. "नाई सांगता येत. एकदा इचारलं की पुरं उत्तर येईपर्यंत मॅक्रोलेच काई समजत नाई."

त्यानं पट्टीकडे बोट केलं. मग म्हणाला, "मंग समदं एका झटक्यात काऊन इचारता? मी पुरं वावर एकदम भिजवतो का? पान्याचा एक वॉल खोलतो, तेवढं भिजलं की दुसरा. कोनी इचारलं तं सांगता येते, चार झाले, दोन राह्यले."

 कोर्स केला मी, आणि सुचलं वांगीवाल्याला! स्वतःचाच असा राग आला की काही विचारू नका.

दुसऱ्या दिवशी बसून मी मॅक्रो मोडून तुकड्यांत लिहिला. जिल्ह्याचे तालुके तेरा, म्हणून प्रश्नही तेरा. पट्टीत आता येऊ लागलं, 'चिखली झालं. मेहकर पाहून राह्यली. १३ पैकी ४.' वेळ उलट चार मिनिटांची पाच झाली, पण पाहुणे जागचे हलेनात. "लोणारले निंघते पाहा," "नाई, शेगावले," अशी चर्चा रंगायची. प्लगला कुणी हात लावला नाही. महिनाअखेरीला नारायणरावांनी वह्या स्वतः रद्दीत घातल्या, आणि 'राह्यली'कडे काणाडोळा केला.

"शेवटी यादी मांडताना ते 'कृपया प्रतीक्षा करा' येतं," सर म्हणाले, "ते आता काढून टाक."

"राहू द्या सर," मी म्हणाले. "शुद्ध आहे."

पुढच्या मंगळवारी गोपाल आला. एकटाच, हातात वांग्यांची पिशवी. यादी पाहायची आहे म्हणाला. मी बटण दाबलं. एकेक करत तेरा तालुके झाले, आणि पट्टीत ती शेवटची ओळ आली. त्यानं ती वाचली. कान पुन्हा लाल झाले.

"करतो," तो म्हणाला.

यादी पडद्यावर आली तरी त्यानं तिकडे पाहिलं नाही. विचारायचं ते मी विचारलंच. "आन् माही नोकरी?"

"हिवऱ्याहून चिखलीची बस सव्वानवाले हाये," तो म्हणाला. "मी इचारूनच आलो."