बाईंची पुरवणी

देवाला तरुण मुलांचं बोलणं नीट ऐकू जात नाही, असं बाईंचं एक्केचाळीस वर्षं ठाम मत होतं. उघड तसं त्या कधी म्हणाल्या नसत्या. कोणी विचारलं असतं तर कानाला हात लावला असता. पण दर शनिवारी ख्रिस्ती मंडळीच्या हॉलमध्ये तरुण संघाची सभा भरली, की त्यांचं वागणं मात्र अगदी तसंच असे.

सभेच्या शेवटी मुलं गोलात बसून एकेक करून प्रार्थना करत. एखादा डोळे मिटून म्हणे, "देवा, मला परीक्षेत पास कर, आमेन." त्याचं आमेन हवेत विरतं न विरतं तोच बाई सुरू करत, "हे दयाळू पित्या, ह्या लेकराला असं म्हणायचं आहे, की त्याला पहाटे उठून अभ्यास करायची बुद्धी दे. फोन बाजूला ठेवायचं बळ दे. आणि गेल्या शनिवारी पोट दुखतंय म्हणून सभेला आला नाही आणि मैदानावर चेंडू खेळताना दिसला, त्याबद्दल त्याला क्षमा कर." मुलाला उलट बोलायची सोय नव्हती. देवाशी बोलणाऱ्या बाईला मध्येच "तो मी नव्हतो" असं कसं सांगणार?

मुलांनी ह्या प्रकाराला नाव ठेवलं होतं, पुरवणी. परीक्षेत उत्तरपत्रिका भरली की वर जोडतात ना, ती. बाईंना हे नाव ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. पुरवणी हुशार मुलंच घेतात, अशी त्यांची समजूत.

ही खोड नोकरीतली. अठ्ठावीस वर्षं बाई टेलिफोनच्या ट्रंक एक्सचेंजवर होत्या. कानावर हेडफोन, समोर दोऱ्यांचं जंजाळ, आणि कुठली कुठली माणसं एकमेकांना जोडून द्यायची. "बोला, लाईन चालू आहे." मग, "तीन मिनिटं झाली, वाढवू का?" मधल्या तीन मिनिटांत काही ऐकायचं नाही, असा नियम होता. बाई ऐकत. एकदा एक नवरा बायकोवर फोनवर खेकसत होता, तेव्हा बाईंना राहवलं नाही. "अहो, त्यांचं म्हणणं असं आहे की..." म्हणून त्या मध्येच बोलल्या. त्याबद्दल मेमो मिळाला. मेमोत शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या, त्या लाल शाईने दुरुस्त करून बाईंनी तो साहेबांना परत दिला.

पुढे एक्सचेंज बंद झालं, दोऱ्या भंगारात गेल्या. बाईंनी मात्र लाईन जोडायचं काम सोडलं नाही. फक्त आता एका टोकाला मुलं होती आणि दुसऱ्या टोकाला देव.

सुरुवातीची वर्षं आठवली की अजून त्यांचा चेहरा उजळे. तेव्हा चाळीस-चाळीस मुलं यायची. खुर्च्या पुरत नसत, पोरं खिडक्यांच्या कट्ट्यावर बसत. गाण्यांचे कागद सायक्लोस्टाईल करताना बाईंचे हात कोपरापर्यंत काळे होत. एक मुलगा फक्त एका मुलीला बघायला येई. ती मुलगी घरची भांडी चुकवायला येई. बाईंना दोघंही चालत. त्यांतून कोणी नर्स झाली, कोणी ट्रक चालवू लागला. एक, जो नाताळच्या नाटकात मेंढरू झाला होता आणि गोठ्यातच घोरायला लागला होता, तो आता इथल्याच चर्चचा पाळक झाला होता.

आता संघात मुलं होती सहा.

"चाळिसांची सहा झाली, ताई," धाकटी बहीण म्हणायची. ती इस्पितळातून निवृत्त झालेली सिस्टर. दोघी एकाच घरात राहत आणि एकमेकींना सुखाने खाऊ देत नसत. "प्रभूने पाच भाकरींत पाच हजार माणसं जेवू घातली. तू चाळिसांची सहा करून दाखवलीस. तोही चमत्कारच म्हणायचा."

"मुलं मोठी होतात. शहरं बदलतात. लग्नं होतात."

"हो ना. आणि जी राहतात ती तोंडात मिठाची गुळणी धरून बसतात."

असं चाललेलं असतानाच एका सोमवारी पाळकसाहेब घरी आले आणि चहाचा कप हातात घेऊन बराच वेळ नुसते ढवळत बसले. बाईंनी ओळखलं. लहानपणी खिडकीची काच फोडली होती तेव्हाही तो असाच चमचा फिरवत बसला होता.

"बोल रे, काय फोडलंस?"

"बाई, कमिटीचं म्हणणं आहे, सहा मुलांसाठी दर शनिवारी हॉल अडवून ठेवायला नको. शिंपीकाकांना शिवणवर्ग सुरू करायचा आहे. तीस बायकांनी नावं दिलीत."

शिंपीकाका म्हणजे मंडळीतले वडीलधारे, कमिटीत त्यांचा शब्द चाले.

"म्हणजे संघ बंद?"

"मी त्यांच्याकडून एक रविवार मागून घेतलाय. येत्या रविवारची उपासना तरुणांनी चालवायची. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मुलं स्वतःच्या पायावर उभी आहेत असं दिसलं, तर संघ राहील."

"मग काळजी कसली? मी आहे ना."

पाळकसाहेबांनी चमचा खाली ठेवला. "बाई, अडचण तीच आहे."

आतून धाकटीच्या हसण्याचा आवाज आला.

"तुम्ही यायचं, बसायचं," पाळकसाहेब घाईघाईने म्हणाले, "पण पुढे यायचं नाही. आणि... म्हणजे..."

"तोंड उघडायचं नाही."

"गाणी म्हणायला हरकत नाही."

बाईंनी शब्द दिला, आणि दिला तसा त्यात पळवाट शोधायला सुरुवात केली. दुपारपर्यंत ती सापडलीही. तोंड उघडायचं नाही असं ठरलं होतं, लिहायचं नाही असं कुठे ठरलं होतं? संध्याकाळी त्यांनी मुख्य प्रार्थना लिहून काढली. चार पानं भरली.

ही प्रार्थना कोणाकडून म्हणवून घ्यायची, तेही त्यांनी ठरवलं होतं. सहांमध्ये एक मुलगी होती, चष्म्याच्या दुकानात कामाला. इतकी हळू बोलायची की बाईंनीच तिचं नाव पुटपुटी ठेवलं होतं. तीन वर्षांत शनिवारच्या सभेत तिची सगळ्यात लांब प्रार्थना पाच शब्दांची झाली होती आणि तिच्यावर बाईंची पुरवणी पाच मिनिटांची. हिला उभी केली की लोक म्हणतील, बघा, बाईंनी मुकी पोर बोलती केली. उत्तेजन उत्तेजन म्हणतात ते हेच. बाईंना स्वतःच्याच कल्पनेने भरून आलं.

बुधवारी दुपारी त्या पानं घेऊन दुकानात गेल्या. पुटपुटी बारीक पेचकसाने कुणाच्या तरी चष्म्याची काडी बसवत होती. हात पुसून तिने पानं वाचली.

"बाई, मी असं बोलत नाही."

"प्रार्थनेत सगळेच वेगळं बोलतात."

"मी घरी देवाशी असं बोलत नाही."

"मग कसं बोलतेस?"

"ते घरचं आहे," पुटपुटी म्हणाली आणि पुन्हा पेचकस उचलला.

बाईंना तेव्हाच काहीतरी टोचलं. पण त्यांना टोचून घ्यायला सवड नव्हती, अजून तीन दिवसांत पाठ करून घ्यायचं होतं. "हे बघ, संघ राहायचा की जायचा हे तुझ्यावर आहे," असं सांगून त्यांनी मुलीला धीर दिला. घरी आल्यावर धाकटी म्हणाली, "याला धीर देणं म्हणत नाहीत, ताई. आमच्याकडे ऑपरेशनच्या आधी पेशंटला असं सांगितलं असतं तर तो खिडकीतून पळाला असता."

रविवार उजाडला. देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, दारात धाकटीने पर्समधून खोकल्याची एक गोल, पिवळी, कडक गोळी काढली. "ही तोंडात धर. चावायची नाही. हिला विरघळायला वीस मिनिटं लागतात. संपली की दुसरी."

बाई तिसऱ्या बाकावर बसल्या. बरोबर मागे शिंपीकाका, हाताची घडी घालून. उपासना चांगली सुरू झाली. लंबू म्हणून एक उंच मुलगा होता, त्याने गिटार वाजवत गाणं म्हटलं. सूर जरा वर लागला होता. बाईंनी गोळी डाव्या गालातून उजव्या गालात नेली. एकाने शास्त्रपाठ वाचला, त्यात एक ओळ गाळली. पुन्हा डावा गाल.

मग पुटपुटी पुढे आली. सगळ्यांनी डोळे मिटले. बाईंनी मात्र एक डोळा किलकिला ठेवला. कोण चुळबुळतंय ते बघायची एक्केचाळीस वर्षांची सवय, एका रविवारात कशी सुटणार?

पहिलं पान पार पडलं. आवाज बारीक होता, पण ऐकू येत होता. दुसरं पान सुरू झालं. "आणि हे स्वर्गीय पित्या, ज्याप्रमाणे..."

पुटपुटी थांबली.

"ज्याप्रमाणे..." ती पुन्हा म्हणाली.

कोणीतरी बाकावर हललं. मागे शिंपीकाकांनी लांब श्वास सोडला, त्यात तीस शिलाई मशीनांची घरघर बाईंना स्पष्ट ऐकू आली. ज्याप्रमाणे मेंढपाळ! ज्याप्रमाणे मेंढपाळ आपल्या कळपाला! चार वेळा घोकून घेतलं होतं! बाईंनी दुसराही डोळा उघडला. पुटपुटीचेही डोळे उघडे होते आणि ती सरळ त्यांच्याकडे बघत होती.

शब्द दिलेला होता, हे बाईंना आठवत नव्हतं असं नाही. पण लाईन तुटत होती आणि ऑपरेटर जागेवर होती. त्यांनी पुढच्या बाकाला धरलं, अर्धवट उठल्या, छातीत भरपूर हवा ओढून घेतली, आणि हवेबरोबर गोळीही आत गेली.

नंतर लोकांनी सांगितलं की आवाज रस्त्यापर्यंत गेला होता. बाई लालबुंद झाल्या. शिंपीकाकांनी मागून त्यांच्या पाठीत एक दणका घातला, कोट झटकावा तसा. दुसरा घातला. तिसऱ्याला गोळी बाहेर पडली, बाईंचा चष्मा नाकावरून सुटला, आणि गोळी टणटणत बाकांखालून थेट पाळकसाहेबांच्या बुटांपाशी जाऊन थांबली.

"देवा," पुढून आवाज आला, "आधी बाईंकडे बघ. त्यांना कोणीतरी पाणी देऊ दे."

लंबू धावत पाणी घेऊन आला.

"दिलं. उपकार झाले," पुटपुटी म्हणाली.

मागच्या बाकावर कोणीतरी फसकन हसलं, मग सगळं देऊळ हसलं. हसू ओसरेपर्यंत ती मुलगी थांबली. आता ती घाईत दिसत नव्हती.

"देवा, पुढचं मला आठवत नाही. बाईंनी छान लिहून दिलं होतं. ते तू त्यांच्याकडूनच वाच. मला दुकानातलं सांगायचंय. डोळे तपासायला माणसं येतात. शेवटची ओळ दिसते का विचारलं, तर दिसत नसली तरी दिसते म्हणतात. लाज वाटते म्हणून. मीपण शनिवारी तेच करते. समजलं का विचारलं की समजलं म्हणते. विश्वास आहे ना म्हटलं की आहे म्हणते. कधी कधी मला काहीच दिसत नाही. तर, जे दिसत नाही ते दिसत नाही, असं आम्हाला म्हणता येऊ दे. आणि समोरच्याला ते ऐकून घेता येऊ दे. एवढंच. आमेन."

बाईंच्या तोंडात गोळी नव्हती. घसा मोकळा होता. तरी पुरवणी जोडायचं त्यांना सुचलं नाही.

उपासनेनंतर दारात पाळकसाहेबांनी त्यांचे दोन्ही हात धरले. "बाई, काय युक्ती केलीत! मुद्दाम खोकलात ना? पोरीला सावरायला वेळ मिळावा म्हणून?"

बाईंनी मान खाली घातली. "देवाने सुचवलं," त्या म्हणाल्या, आणि म्हणताक्षणी कानापर्यंत तापल्या. मागे धाकटी खोकली, तिच्या तोंडात गोळी नसताना.

शिंपीकाका शिवणवर्ग गुरुवारी न्यायला तयार झाले. संघ राहिला.

बाई हॉलच्या स्वयंपाकघरात गेल्या. पुटपुटी कप विसळत होती. तिने बाईंचा वाकलेला चष्मा काढून घेतला आणि काडी अंगठ्याने हळूच सरळ करू लागली.

"बाई, तुम्ही उठत होतात."

"हो."

"शब्द सांगायला?"

"हो. मेंढपाळ."

"मेंढपाळ," पुटपुटीने आठवून पाहिलं. "बरं झालं."

"काय बरं झालं?"

"गोळी."

तिने चष्मा त्यांच्या नाकावर बसवला, मागे सरून तिरका तर नाही ना ते बघितलं. बाईंनी पर्स उघडली. हॉलची किल्ली एक्केचाळीस वर्षं त्यांच्या घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात होती. कडी गंजलेली, निघता निघेना. नखाचा तुकडा पडला तेव्हा किल्ली सुटली. ती त्यांनी ओल्या ओट्यावर ठेवली.

"शनिवारी साडेतीनला उघडावा लागतो," त्या म्हणाल्या. आणखी सतरा सूचना होत्या. त्यांतल्या तीनच सांगितल्या.

शनिवारी बाई चार वाजता पोचल्या तेव्हा खुर्च्या मांडून झाल्या होत्या. गोल नीट नव्हता, अंडाकृती झाला होता. त्या दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या. पाळकसाहेबही आले होते. दोन नवी मुलंही होती. गोळी उडालेली बघून आली होती, असं लंबूने सांगितलं.

प्रार्थनेची पाळी फिरत फिरत बाईंपाशी आली. त्यांनी डोळे मिटले, आज दोन्ही. इतरांची गुपितं देवाला सांगताना कधी अडखळली नव्हती, ती जीभ जड झाली.

"देवा, रविवारचा खोकला मुद्दाम नव्हता. मी दिलेला शब्द मोडायला उठले होते. तू सुचवलंस असं मी पाळकसाहेबांना सांगितलं. तू काही सुचवलं नव्हतंस. म्हणजे... सुचवलं असशील तर गप्प बसायचंच सुचवलं असशील, आणि मी लाईन... आमेन."

मग शेजारून पुटपुटीचा आवाज आला, बारीक, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"हे दयाळू पित्या, बाईंना असं म्हणायचं आहे, की त्यांना गप्प बसायला थोडा वेळ लागेल. तीन मिनिटांपेक्षा जास्त. तेवढा वाढवून दे."

सगळी मुलं फिदीफिदी हसली. पाळकसाहेब सगळ्यांत मोठ्याने हसले. बाईंनी एक डोळा उघडून कोण कोण हसतंय ते बघून घेतलं. ह्या पुरवणीत एक दुरुस्ती करायला हवी होती, ती जिभेच्या टोकावर आली होती. बाईंनी पर्समध्ये हात घालून धाकटीने दिलेली डबी उघडली, एक पिवळी गोळी तोंडात टाकली, आणि ह्या वेळी ती गालात नीट दाबून धरली.